झोपेचं जाहीर प्रात्यक्षिक

माणसाने चारचौघांत झोपून दाखवावं आणि सभेने ते झोपणं एकमताने मंजूर करावं, असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. मला तो मिळाला आहे. त्यातला झोपण्याचा भाग मात्र मी झोपलेलो असल्यामुळे मला पाहता आला नाही, एवढीच काय ती रुखरुख.

मी सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षाचा प्रमुख. लांबलचक टेबलं, काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं, आणि दारासमोरच्या खुर्चीत मी. माझ्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. पाटी शोभेची; शांतता मी राखतो. बोलणाऱ्याकडे मी नुसतं चष्म्यावरून पाहिलं की त्याचं वाक्य तोंडातल्या तोंडात विरतं. बिस्कीट खाणाऱ्याचा घास गालात थांबतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक फार व्हायची, म्हणून ते मी बंद करून ठेवलं आहे. वेळ बघायची असेल त्याने बाहेर जाऊन बघावी.

अशा माणसाने भर दुपारी, भरलेल्या कक्षात, टेबलावर मान टाकून घोरावं म्हणजे कुंपणानेच शेत खाण्यातला प्रकार. पण तसं झालं खरं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना आधी वाटलं, खालचा पाण्याचा पंप चालू झाला. दोघं पंप बंद करायला जाऊनही आले. पंप बंदच होता. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. मला कुणी उठवलं नाही, कारण वाचनकक्षात मोठ्याने बोलायची बंदी आहे आणि ती मीच घातली आहे.

कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला. आमचे मानद चिटणीस म्हणजे रुंद चेहऱ्याचे, रुंद आवाजाचे गृहस्थ. माझ्या खुर्चीवर त्यांचा जुना डोळा; त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची सवय आहे आणि मी त्यांना तीनदा गप्प केलेलं आहे.

"आवाज करणाऱ्याला कक्षाबाहेर काढायचं, हा नियम यांनीच केलाय," ते म्हणाले. "मग आता काढा! तळघरात बाइंडिंगची खोली आहे. तिथल्या बाइंडरला ऐकू येत नाही. यांनी घोरावं, त्याने चिकटवावं. कुणाची तक्रार नाही."

अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. त्यांचे 'दोन शब्द' तासभर चालतात, पण माणूस मायाळू. ते म्हणाले, "वार्षिक सभेपर्यंत मुदत देऊ. तोवर घोरणं थांबलं तर खुर्ची राहील, नाहीतर तळघर."

घरी येऊन मी हा अपमान बायकोला सांगितला. तिने भाजी चिरणं थांबवलंसुद्धा नाही.

"अहो, मला विचारायचं ना. मी कित्येक वर्षं ऐकतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज कोपर मारून सांगते की!"

"मला वाटायचं, तुला जागा पुरत नाही."

मग मात्र तिने सुरी खाली ठेवली. "घोरण्याचं काही नाही हो. त्याची सवय झाली. ते मधेच थांबतं ना, तेव्हा माझी झोप उडते. घोरणं नाही, श्वास नाही, काहीच नाही. मी आपली वाट बघत पडते. मग कोपर मारलं की तुम्ही दचकून मोठा श्वास घेता. तो ऐकला की मला बरं वाटतं. पुन्हा थांबेपर्यंत."

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी आजवर टीव्हीवरच्या मालिकांच्या खात्यावर टाकत होतो. मला फार वाईट वाटलं. खुर्ची गेली तरी चालेल पण हिला झोप मिळाली पाहिजे, असं मी मनात म्हटलं. आणि लगेच, खुर्चीही राहिली तर उत्तम, असंही म्हटलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त विमा एजंट स्वतः चेंडू घेऊन आले. तो सदऱ्याच्या पाठीला शिवायचा, म्हणजे माणूस उताणा होत नाही आणि घोरत नाही. मी उताणा झालो नाही. कुशीवरून चेंडूवर आलो आणि चेंडूवरून जमिनीवर. शेजारच्या गायनशिक्षिका म्हणाल्या, गळ्याचे स्नायू सैल पडलेत, रोज सकाळी 'आ' लावा. मी 'आ' लावला. चौथ्या दिवशी त्यांनीच निरोप धाडला की घोरलात तरी चालेल. मेहुण्याने तर कमाल केली. त्याने माझं घोरणं फोनवर रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. हिच्या मावशींचं लगेच उत्तर आलं, 'आवाज दमदार आहे. कुठल्या कंपनीची गाडी घेतली?'

या सगळ्या धामधुमीत माझी दाढ तुटली. खात होतो दुधात भिजवलेला पाव. पावासारख्या पावाने दाढ मोडावी, म्हणजे काळ आला की कसा येतो बघा.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात छोटा आरसा घातला आणि 'अरेरे' म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरांनी 'अरेरे' म्हणू नये असा कायदा हवा.

"तुम्ही झोपेत दात खाता," त्या म्हणाल्या. "दाढा पार सपाट झाल्यात. दोन-तीन दाढांना तडे आहेत."

'शांत बसा, शांत बसा' सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना ऐकवत होतो. त्या खरोखरच झाल्या होत्या.

मग त्यांनी विचारलं, घोरता का? दिवसा पेंग येते? सकाळी डोकं जड, तोंड कोरडं? कुणी रात्री तुम्हाला कोपर मारतं का? मला वाटलं, ही बाई हिच्याशी आधीच बोलून बसली आहे.

"झोपेत जबडा सैल पडतो, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट अडते," त्यांनी हाताने जीभ करून दाखवली. "दात खाणं आणि श्वास अडकणं पुष्कळदा जोडीने असतं. दातांवर नुसती टोपी बसवून दिली तर दाढा वाचतील, पण श्वास अडकायचा तो अडकेलच. आधी झोप तपासून या, मग मी दात बघते."

झोप तपासायला रजा हवी. हेडक्लार्कने माझा अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"म्हणजे, तुम्ही ड्युटीवर झोपता म्हणून तक्रार?"

"हो."

"आणि आता झोपायला रजा मागताय?"

"हो."

"मग ड्युटीवरच तपासून घ्या ना! रजा कशाला वाया घालवता?"

शेवटी मी अर्जात 'श्वसनाचा विकार' लिहिलं आणि रजा मंजूर झाली. तपासणीचं यंत्र घरीच आलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी अशा थाटात मी आपल्याच पलंगावर निजलो. लेकीने फोटो काढला आणि तो ग्रुपवर टाकला. मावशींचं उत्तर आलं, 'लवकर बरे व्हा. अपघात नव्या गाडीवरच झाला का?'

झोपेच्या डॉक्टरांनी अहवाल वाचून सांगितलं, "आजार आहे. मध्यम स्वरूपाचा."

मी मध्यमवर्गातला, मध्यम उंचीचा, शाळेत कायम मधल्या बाकावर बसलेला. आजार तरी जरा जोरदार निघेल अशी आशा होती. असो. त्यांनी उपाय सांगितले. पहिला आणि सर्वांत खात्रीचा म्हणजे रात्री हवा सोडणारं यंत्र आणि नाकावर मुखवटा. तो लावून मी आरशात पाहिलं तर विमान चालवायला निघाल्यासारखा दिसलो. हिला हसू आवरेना. आठवडाभर खूप प्रयत्न केला, पण रोज सकाळी मुखवटा पलंगाखाली सापडायचा आणि मी झोपेत कुणाशी कुस्ती केली ते मला आठवायचं नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारख्या मध्यम आजारात दुसराही मार्ग आहे. दातांवर बसवायचं एक उपकरण असतं. ते खालचा जबडा जरा पुढे धरून ठेवतं, मग जीभ मागे पडत नाही. दातही घासले जात नाहीत. पण बसवलं की पुन्हा तपासणी करायची. घोरणं थांबलं म्हणजे आजार थांबला असं धरून चालायचं नाही."

दातांचं म्हटल्यावर आरोग्य योजनेच्या खिडकीत पुन्हा अडलं. "दातांचं काम म्हणजे सौंदर्यप्रसाधन," तिथले गृहस्थ म्हणाले. "ते योजनेत बसत नाही."

"सौंदर्य? माझं?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तेही खरंच आहे," म्हणाले आणि सही केली. काम झालं, पण ज्या तत्परतेने झालं ती मला झोंबली.

डॉक्टरीणबाईंनी मापं घेतली. साच्यात गार लगदा भरून तो तोंडात दाबला आणि म्हणाल्या, "ओकारी आल्यासारखं वाटलं तर नाकाने श्वास घ्या." अहो, तो नीट घेता आला असता तर मी इथे कशाला आलो असतो? पण तोंडात लगदा असल्यामुळे हा बिनतोड मुद्दा मला मांडता आला नाही.

पंधरवड्याने निळ्या डबीत उपकरण आलं. वरच्या दातांची एक पारदर्शक टोपी, खालच्या दातांची एक, आणि दोन्ही बाजूंनी जोडणारे बारीक स्क्रू. बाई सुटीवर होत्या, त्यांच्या मदतनीस मुलीने डबी हातात ठेवली आणि सांगितलं, "सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल हं. लाळ येईल, जबडा आखडेल. थोडे दिवस सोसा."

त्या शेवटच्या शब्दाने माझा घात केला. आमच्या पिढीला सोसा म्हटलं की आम्ही सोसतो. उपकरण तोंडात खुळखुळायचं. मी म्हटलं, हेच ते अवघडणं. ते हिरडीत रुतायचं. म्हटलं, गुण येतोय. झोपेत ते घशाकडे सरकायचं आणि मी उठून बसायचो. म्हटलं, आधुनिक शास्त्र आहे. ही म्हणत होती, "अहो, दाखवून तरी या." मी म्हटलं, "अंगवळणी पडेल." शेवटी एक गाल दुसऱ्या गालाच्या दीडपट झाला, तेव्हा गेलो.

बाईंनी ते तोंडात बसवून पाहिलं, काढलं, उलटं करून पाहिलं. "हे तुमचं नाहीच!"

प्रयोगशाळेत दोन डब्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. मी आठवडाभर परक्या माणसाचा जबडा सोसत होतो.

"मग माझं कुठे आहे?"

"दुसऱ्या पेशंटकडे गेलं असणार. आम्ही फोन करतोय, पण ते उचलत नाहीत."

"कोण आहेत ते?"

"पेशंटचं नाव सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. बरोबरच होतं ते. पण गावात कुणीतरी रात्री माझे दात लावून झोपतंय, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. कक्षात येणाऱ्या प्रत्येकाच्या हनुवटीचं मी मनातल्या मनात माप घेऊ लागलो. एका सभ्य वाचकाने तेवढ्यात दाढी वाढवायला घेतली.

बाईंनी नवीन उपकरण करून स्वतः बसवून दिलं आणि काय सांगू! मोजडीत पाय सरकावा तसं बसलं. बारीक किल्लीने दर आठवड्याला स्क्रू किंचित फिरवायचा, म्हणजे जबडा हळूहळू पुढे येतो. किल्ली हिच्या ताब्यात गेली. नवऱ्याच्या तोंडाची किल्ली हातात आल्यावर बायकांचा चेहरा कसा उजळतो ते मी पाहिलं आहे. "आज अजून एक फेरा देऊ का?" ती आशेने विचारायची. "बाईंनी सांगितलाय तेवढाच!" मी ओरडायचो.

गुण आला. सकाळी जबडा थोडा आखडायचा, बाईंनी दिलेले व्यायाम केले की मोकळा व्हायचा. दुपारची पेंग गेली, डोकं हलकं झालं, वाचकांकडे पुन्हा पहिल्यासारख्या धारेने चष्म्यावरून पाहता येऊ लागलं. पुन्हा तपासणी झाली, अहवाल छान आला. झोपेचे डॉक्टर म्हणाले, "आता घरची मंडळीही झोपतील."

घरची मंडळी झोपत नव्हती. इतकी वर्षं हिला एकच ठाऊक होतं, आवाज थांबला की घात. आता आवाज मुळातच नाही. त्यामुळे ती टक्क जागी राहायची आणि बिचकून कोपर मारायची. "काही ऐकू येईना. म्हटलं बघावं." मी अहवाल दाखवला. तिने तो वाचला, नीट घडी घालून ठेवला आणि पुन्हा कोपर मारलं. माझा आजार बरा झाला होता. हिचा अजून व्हायचा होता.

वार्षिक सभा जवळ आली. मी अहवाल कार्यकारिणीपुढे ठेवला. चिटणिसांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "कागद कुणीही आणेल. सभेला प्रत्यक्ष पुरावा पाहिजे. यांनी इथे, वाचनकक्षात, सभासदांसमोर झोपून दाखवावं."

मला वाटलं, कुणीतरी हसेल. एका सभासदाने अनुमोदन दिलं. दुसऱ्याने, आरामखुर्ची द्यावी, अशी दुरुस्ती सुचवली. ठराव पास झाला. आमच्या वाचनालयात पुस्तक घ्यायचं तर मंजुरीला तीन महिने लागतात.

"आणि सोंग घेतलं तर?" चिटणीस म्हणाले. "झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. साक्षीला यांच्या घरून बोलवा. यांची खरी झोप कशी असते ते त्यांनाच माहीत."

झालं. सभेच्या रविवारी दुपारी मी तोंडात उपकरण घालून आरामखुर्चीत पहुडलो. समोर दोनेकशे डोळे. पहिल्या रांगेत चिटणीस, घड्याळ हातात घेऊन. शेवटच्या रांगेत माझी बायको आणि लेक. आणि मला झोप येईना! येणार कशी? उपचारांनी गुण आला होता, दुपारची पेंगच गेली होती. मी डोळे मिटले. कुणीतरी खोकलं, मी सवयीने त्याच्याकडे चष्म्यावरून बघायला डोळे उघडले.

"जागे आहेत!" चिटणीस म्हणाले. "हेडक्लार्क, नोंद करा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तळघराचा कुबट वास मला आताच येऊ लागला. तेवढ्यात अध्यक्ष उठले. बिचाऱ्यांना सभेतली पोकळी सहन होत नाही. "यांना झोप लागेपर्यंत," ते म्हणाले, "मी 'शांतता' या विषयावर दोन शब्द बोलतो."

शांतता म्हणजे केवळ आवाजाचा अभाव नव्हे, इथपासून सुरुवात झाली. पहिलं 'तद्वतच' मी ऐकलं. दुसरंही ऐकलं. तिसरं अर्धं ऐकलं.

पुढची हकीकत लेकीकडून कळलेली आहे.

भाषण रंगात आलं असताना कक्षात घोरण्याचा आवाज उठला. अगदी पंपासारखा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हेडक्लार्कने पेनाचं टोपण काढलं. पण माझे ओठ तर मिटलेले. मग माना हळूहळू पहिल्या रांगेकडे वळल्या. चिटणीस मान मागे टाकून, घड्याळ छातीशी धरून, तोंड उघडं टाकून झोपले होते. आवाज चढत गेला आणि एकदम थांबला. सगळी सभा श्वास रोखून बसली. मग दात करकर वाजले, एक जबर धक्का बसला आणि स्वतःच्याच आवाजाने चिटणीस ताडकन उठले.

"कोण घोरतंय?" त्यांनी बोट माझ्याकडे रोखून विचारलं.

जो हशा पिकला त्याने मी जागा झालो. म्हणजे विजय होऊन गेल्यावर. अध्यक्ष मात्र अजून बोलतच होते.

पण चिटणीस सहजी हार मानणारे नव्हेत. "हसू नका! हे झोपले होते कशावरून? नुसते डोळे मिटून पडले होते. साक्षीदार कुठे आहेत? त्यांना विचारा!"

पुन्हा माना वळल्या, या वेळी शेवटच्या रांगेकडे.

साक्षीदार झोपली होती. लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून, तोंडावर आलेली बट तशीच ठेवून, हात मांडीवर सैल सोडून, गाढ. इतक्या हशातही तिची पापणी हलली नव्हती.

"आईला उठवू नका हं," लेक हळूच म्हणाली. "बाबांचा श्वास नीट चाललाय अशी खात्री पटल्याशिवाय तिला झोप लागतच नाही. मी लहानपणापासून बघतेय. बाबा झोपले, ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसली, मग तिने माझा हात सोडला. बाबा सोंग घेत असते तर तिला कळलं असतं. ती जागी राहिली असती."

सभा एकदम गप्प झाली. मी पाटीखाली बसून इतकी वर्षं शांतता राखली, पण अशी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. मला बोलायचं होतं, पण तोंडात उपकरण होतं.

अध्यक्षांनी आयुष्यात प्रथमच दोन शब्दांत आटोपलं. "ठराव मंजूर," ते कुजबुजले. शंभर माणसं चपला हातात घेऊन, बोटांवर चालत बाहेर गेली. चेंडूवाले विमा एजंट जाताना माझ्याकडे बघून शाबासकीचा अंगठा वर करून गेले.

मी उपकरण काढून डबीत ठेवलं आणि पाटीखालच्या माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. लेकीने आपल्या खांद्याच्या जागी वर्तमानपत्रांची चळत लावून आईचं डोकं त्यावर टेकवलं आणि चहा आणायला गेली. तेवढ्यात चिटणीस परत आले. इकडेतिकडे बघत त्यांनी बॅगेतून काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. निळी डबी.

"मीही त्याच डॉक्टरीणबाईंकडे जातो," ते खाली बघत म्हणाले. "पण हे मेलं बसतच नाही. फार अरुंद आहे. दोनदा घालून पाहिलं, मग फोन उचलायचीसुद्धा लाज वाटायला लागली. तुम्ही कसं सहन केलंत?"

मी डबी उघडली. आत माझे दात होते. मध्यम आकाराचे.

एरवी मी त्यांना तिथेच पुरतं धुतलं असतं. पण त्यांचे डोळे पाहिले आणि त्यांच्या घरीही कुणीतरी कोपर मारत जागं राहत असेल, असं मनात आलं. मी कागदावर लिहिलं, 'उद्या सकाळी बाईंकडे. मी बरोबर येतो. तुमचं तिथेच आहे; आठवडाभर माझ्या तोंडात होतं.' चिटणिसांनी वाचलं, त्यांचा रुंद चेहरा आणखी रुंद झाला आणि ते आपल्या नेहमीच्या आवाजात गरजले, "म्हणजे ते तुम्ही—"

मी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि बोट डोक्यावरच्या पाटीकडे केलं.

त्यांचं वाक्य तोंडातल्या तोंडात विरलं. मागे हिने कूस बदलली आणि पुन्हा गाढ झोपली. वाचनालय बंद करायची वेळ बहुधा होऊन गेली होती, पण घड्याळ मीच बंद ठेवलेलं होतं, त्यामुळे आम्हाला उठवायला कुणी आलं नाही.